खाऱ्या हवेतली छोटी आगगाडी

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना आगगाडी पाहायची तर पेण, रोहा नाहीतर पनवेल गाठावं लागे. पेणहून अलिबागच्या दिशेनं एक लोहमार्ग येतो, पण तो थळच्या आरसीएफ खत कारखान्यासाठी, मालगाड्यांचा. प्रवासी गाडी दारात नसल्यामुळे असेल, इथल्या घरांत खेळण्यातल्या आगगाडीचं अप्रूप फार. कुणाकडे मुंबईच्या मामानं आणलेली चावीची पत्र्याची गाडी, कुणाकडे बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी परदेशातून आणलेला हॉर्नबीचा किंवा लिमाचा खोका. दिवाळीचा किल्ला झाला की त्याच्या पायथ्याशी रूळ अंथरायचे आणि मावळ्यांच्या शेजारून इंजिन फिरवायचं. पुढे शाळा संपली आणि खोका माळ्यावर गेला.

चाळिशी-पन्नाशीत तो खोका पुन्हा आठवू लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझं सांगणं असं की, लगेच काही विकत घेऊ नका. लहानपणी जे मिळालं नाही ते आता एकदम मागवून टाकावं, ही ओढ जबर असते आणि बहुतेकांचा छंद तिथेच थांबतो. कपाट भरतं, गाडी मात्र धावत नाही. आपल्या किनाऱ्यावर तर पैशापेक्षा हवा जास्त महत्त्वाची. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि बारा महिने खारा वारा, यात जे टिकेल तेच करायचं. म्हणून छोटं करा, उचलून नेता येईल असं करा आणि स्वतःच्या ओळखीची एकच जागा करा.

आधी जुना खोका

खोका उघडल्यावर पहिला मोह होतो तो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा. तीस-चाळीस वर्षं दमट हवेत पडलेल्या ट्रान्सफॉर्मरचं आतलं इन्सुलेशन कुजलेलं असू शकतं आणि त्याचं एक टोक आपल्या घरातल्या २३० व्होल्टला जोडलेलं असतं. तो सरळ बाजूला ठेवा, आठवण म्हणून जपा. गाडीसाठी १२ व्होल्ट डीसी देणारा, एक अँपिअर क्षमतेचा नवा कंट्रोलर घ्या. अमेरिकेतून आलेला संच असेल तर तो बहुधा १२० व्होल्टचा. तो आपल्या प्लगमध्ये लावला तर जळेलच.

मग गाडी कोणत्या जातीची आहे ते ओळखा. मार्कलिनच्या जुन्या इंजिनांच्या पोटाखाली एक लांब पट्टी असते. ती इंजिनं एसीवर चालतात, त्यांना डीसीच्या रुळांवर ठेवू नका. हॉर्नबी-डब्लोची १९५९ पूर्वीची गाडी तीन रुळांची असते. हॉर्नबी, लिमा वगैरेंच्या नंतरच्या गाड्या दोन रुळांच्या, १२ व्होल्ट डीसीच्या. त्या आजही नव्या रुळांवर चालतात. फक्त त्यांच्या चाकांची कड खोल असते, म्हणून रूळ घेताना ‘कोड १००’ हा उंच प्रकार घ्यावा. कोड ७५ दिसायला जास्त खरा वाटतो, पण जुनी चाकं त्याच्या स्लीपरांवर खडखडत जातात.

इंजिन उघडलंत की आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं दिसेल. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढा, मोटरचा तांब्याचा कम्युटेटर त्याच द्रवात बुडवलेल्या कापसाच्या काडीनं स्वच्छ करा, कार्बन ब्रश झिजले आहेत का पाहा. चाकांवरचं रबरी कडं तडकलेलं असणारच, ते बदला. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल इतकंच, प्लास्टिकला न खाणारं. जास्त तेल घातलं की ते रुळांवर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. चावीच्या गाडीची स्प्रिंग एकदम पूर्ण पिळू नका, गंजलेली स्प्रिंग तुटली तर हाताला लागते. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ती पॉलिश पेपरनं घासू नका आणि घरातल्या लहान मुलांच्या हाती देऊ नका.

हे सगळं करूनही मोटर हलली नाही तरी इंजिन टाकून देऊ नका. त्याचा सांगाडा पुढे कामी येणार आहे.

माप ठरवताना

भारतीय गाड्यांचं मॉडेल करणाऱ्यांना एक अडचण कायमची आहे. जगात सर्वांत जास्त चालणारं एचओ माप १:८७ चं, त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आलेलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. म्हणजे तयार रुळांवर आपली गाडी किंचित अरुंद पायांवर उभी राहते. काही जण हट्टानं रूळ स्वतः घडवतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण परतून येणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. पावणेतीन मिलिमीटरचा फरक गाडी धावताना डोळ्याला जाणवत नाही.

एन हे १:१६० चं माप छोट्या फ्लॅटसाठी सुचवलं जातं. किनाऱ्यावर मी ते सुचवणार नाही. त्याचं इंजिन हलकं, चाकं बारीक. रुळांवर खाऱ्या हवेचा जरासा थर बसला की वीज पोचत नाही आणि गाडी अडखळते. एचओचं इंजिन स्वतःच्या वजनानं निभावून नेतं.

लांबीचा हिशेब मात्र आधीच कागदावर करा. आयसीएफचा निळा डबा सुमारे २१.३ मीटर लांब, एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर. एलएचबीचा डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे सत्तावीस सेंटीमीटर. बावीस डब्यांची एलएचबी गाडी जशीच्या तशी करायची तर इंजिन सोडूनच सहा मीटर लागतील. तीन आयसीएफ डबे आणि पुढे डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन, ही गाडी जेमतेम मीटरभरात बसते आणि दिवा-रोहा पॅसेंजरची आठवण पुरेपूर देते. वळणांचंही तसंच. खेळण्यातल्या संचाचं वळण ३७ सेंटीमीटर त्रिज्येचं असतं. त्यावर लांब डबे वेडेवाकडे बाहेर येतात, कधी घसरतात. ६० सेंटीमीटर त्रिज्या मिळत नसेल तर गोल फिरवण्याचा नाद सोडून सरळ फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी चालवा.

कोणती जागा करायची?

इथे आपला रायगड जिल्हा श्रीमंत आहे. पनवेल-रोहा मार्गावरचं आपटा घ्या. झाडांनी वेढलेलं छोटं स्थानक, ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या १९९५ च्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग तिथेच चित्रित झाला. १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली, १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा पहिला तुकडा उघडला आणि १९९८ च्या जानेवारीत सलग मार्ग सुरू झाला. कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर अशी एकेक स्थानकं पुढे आहेत. कोलाडहून १९९९ पासून ट्रक थेट वाघिणींवर चढवून गोव्यातल्या वेर्ण्याला नेणारी रो-रो सेवा चालते. सपाट वाघिणी आणि त्यावर रंगीत ट्रक हे करायला सोपं आणि दिसायला देखणं काम आहे. काळ निवडताना २०२२ पूर्वीचा, डिझेलचा निवडा. त्या वर्षी कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. त्याआधीचा काळ घेतला तर वरच्या तारा आणि खांबांचं किचकट काम वाचतं.

अलिबागकरांना मी थळची मालवाहतूक सुचवेन. ब्रिटिश मॉडेलकार अॅलन राइट यांनी एक छोटा यार्ड रचला होता, तो जगभर खेळला जातो. तीन फाटे असतात. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन फाट्यांत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींपैकी चिठ्ठी टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. असे ६७२० क्रम निघतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. खताची पोती नेणारी बंद वाघीण एचओमध्ये सतरा सेंटीमीटरची. दोन सांधे, एक इंजिन आणि मागे कारखान्याच्या भिंतीचा देखावा एवढ्यावर हे होतं. एकट्यानं संध्याकाळी अर्धा तास शंटिंग करत बसण्यात जे सुख आहे ते गोल फिरणाऱ्या गाडीत नाही.

आणि माथेरान? नेरळ-माथेरान ही आपल्याच जिल्ह्याची गाडी. आदमजी पीरभॉय घराण्यानं बांधलेली, १९०७ मध्ये सुरू झालेली, दोन फुटी गेजची, सुमारे एकवीस किलोमीटरची. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही तिची स्थानकं. २००५ च्या जुलैतल्या पावसानं मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. हिच्यासाठी तयार मॉडेल शोधत बसू नका. मघाशी बाजूला ठेवलेला एचओ इंजिनाचा सांगाडा घ्या, नवी मोटर बसवा आणि त्यावर १:४३.५ मापात पुठ्ठ्याचं किंवा प्लास्टिक शीटचं इंजिन बांधा. १६.५ मिलिमीटरचे रूळ या मापात ७१८ मिलिमीटरचे होतात. खरा गेज ६१० चा आहे, पण डबे छोटे आणि अरुंद असल्यानं हे खपून जातं. जुन्या संचाचं ३७ सेंटीमीटरचं वळण, जे ब्रॉडगेजसाठी निकामी ठरलं, ते घाटातल्या गाडीला शोभून दिसतं.

प्रत्यक्ष मापं घ्यायला जाताना फलाट तिकीट काढा आणि फलाटावरच राहा. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फलाटाची उंची, कौलांच्या रांगा, खिडक्यांची संख्या हे सगळं फलाटावरून मोजता येतं. पायानं मोजा, वहीत उतरवा.

फळी, तार आणि पाऊस

फळी बीडब्ल्यूपी दर्जाच्या १२ मिलिमीटर प्लायवूडची घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्या कडा. दमट हवा प्लायमध्ये कडेनं शिरते. सुताराकडून फळी आणल्यावर दोन्ही बाजू आणि चारही कडा प्रायमर लावून रंगवल्याशिवाय तिच्यावर एक खिळाही मारू नका. खालची चौकट अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीची केली तर वाळवीचाही प्रश्न मिटतो. १२० बाय ४५ सेंटीमीटरच्या दोन फळ्या बोल्टनं जोडता येतील अशा करा. एवढी फळी दोघांनी उचलून दारातून सहज जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत आलं तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर किती घरांची कौलं आणि पत्रे उडाले हे आपण पाहिलं आहे. माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत कायमचा ठोकून ठेवलेला देखावा अशा वेळी वाचत नाही. पक्क्या छपराखालच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर, हीच त्याची जागा.

रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्या. पोलादी रूळ स्वस्त मिळतात, पण एका पावसाळ्यात तांबारतात. रुळांच्या जोडांमध्ये अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा, कारण फळी फुगते आणि आक्रसते. जोडपट्टीतून वीज जाईल या भरवशावर राहू नका, खाऱ्या हवेत तीच पहिली दगा देते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार सोल्डर करा. हे कंटाळवाणं काम आहे. पुढच्या दहा वर्षांचा त्रास त्यानं वाचतो, म्हणून आग्रह धरतो आहे. सोल्डरिंगला राळेचा फ्लक्स वापरा. पत्र्याच्या कामातलं तेजाब लावलंत तर ते तारेत राहून तिला आतून खातं. रूळ पुसायला अल्कोहोल आणि सुती कापड पुरे. सँडपेपरनं चरे पडतात आणि चऱ्यांत मळ बसतो.

इंजिनं वापरात नसताना हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या अधूनमधून गरम करून सुकवा. फोममध्ये वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवू नका, फोम विरघळल्यासारखा होऊन रंगाला चिकटतो. विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवायचा, हे सांगायला नकोच.

डिजिटल नियंत्रणाची सध्या चर्चा फार. एका वेळी एकच इंजिन चालणार असेल तर त्याची गरज नाही. पुढे मन झालं तर सोय असावी म्हणून नवं इंजिन घेताना त्यात डिकोडरचं सॉकेट आहे का, एवढं पाहून ठेवा.

डोंगर, माती, झाडं

पेणला गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कार्यशाळा आहेत, म्हणून आपल्यासारखं नशीब क्वचितच कुणाचं. माती, साचा, रंगाचा हात आणि छटा हे सगळं तिथे पाहायला मिळतं. हंगाम संपल्यावर, कामाची घाई नसताना जा आणि विचारा. शाडू जाड थरात वाळताना तडकतो, म्हणून कागदाच्या लगद्याचा डोंगर करून त्यावर शाडूचा पातळ हात द्यावा. लगद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घातलं तर बुरशी आणि कीड लागत नाही. मात्र ते विषारी आहे, आणि धातूला लागू देऊ नका. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्याचा विचार सोडा.

समुद्राची वाळू कधीही वापरू नका. तिच्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं. शिवाय आपल्याकडच्या काळसर वाळूत लोहाचे कण असतात, ते मोटरच्या लोहचुंबकाला जाऊन चिकटतात. कोणतीही माती किंवा चुरा आणला की गोड्या पाण्यात दोनदा धुवा, वाळवा आणि वरून लोहचुंबक फिरवा. खडीसाठी काळ्या दगडाची बारीक चाळलेली भुकटी, कटिंगच्या उतारासाठी जांभ्याचा चुरा. दोन्ही पातळ केलेल्या फेविकॉलनं बसतात.

नारळाचं झाड सगळेच बुटकं करतात. वीस मीटरचा माड एचओमध्ये तेवीस सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे डब्याच्या लांबीएवढा. बांबूच्या काडीवर दोरा गुंडाळून खोड करा आणि दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या कागदाच्या झावळ्या कातरा. रंग देताना खालच्या झावळ्या पिवळट, वाळक्या ठेवा. पोफळी त्याहून बारीक, सरळ आणि दाटीनं लावा. काथ्याचे बारीक तुकडे कापून वाळलेलं गवत होतं. कुठल्या ऋतूचा देखावा करायचा ते आधी ठरवा. आपल्याकडे मेमधला डोंगर आणि ऑगस्टमधला डोंगर यांत एकही रंग सारखा नसतो.

खरेदी आणि एक भेट

सेंटी या भारतीय कंपनीची बॅटरीवर चालणारी प्रवासी गाडी खेळण्यांच्या दुकानात मिळते. तिच्या डब्यांना धातूची चाकं बसवून, रंग देऊन अनेक हौशी लोक कामचलाऊ भारतीय डबे बनवतात. हात बसवायला हे उत्तम. परदेशातून मागवायचं असेल तर सीमाशुल्काची चौकशी आधी करा. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूलभूत शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं होतं आणि त्यानंतरही दर बदलत आले आहेत. मागवल्या दिवशीचा दर आणि टपालखर्च धरूनच किंमत ठरवा.

या सगळ्याच्या आधी एकदा पुण्याला जा. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एका माणसाच्या हौशीतून उभं राहिलेलं आणि घरच्यांनी जपलेलं हे काम आहे. चालू गाड्यांचा खेळ आधी मुलांसारखा बघा. मग थांबून बारकाईनं बघा. वळणाची त्रिज्या किती ठेवली आहे, गाडी दिसेनाशी कुठे होते, दिवे लागल्यावर कोणती त्रुटी झाकली जाते, हे टिपून घ्या.

कामाला सुरुवात दिवाळीनंतर करा. हवा कोरडी असते, रंग आणि गोंद नीट वाळतात. जानेवारीअखेर रूळ आणि तारा, मार्च-एप्रिलमध्ये माती आणि झाडं. मे महिन्यात आगोटीची कामं निघाली की फळीवर सुती चादर घाला, त्यावर प्लास्टिक घाला, इंजिनं डब्यात भरा. पावसाळ्यात घरात बसून डबे आणि इमारती करता येतात. गणपतीत आरास करताना फळी बाहेर काढून देखाव्यात मांडली तर घरातली मुलंही कामाला लागतात, आणि आजवर घरात जागा अडवतो म्हणून जो छंद नकोसा होता तो घरचेच माणसं बोलावून दाखवू लागतात.

एक विनंती. आपटा, पेण, नागोठणे, रोहा ही स्थानकं दुहेरी मार्ग आणि विद्युतीकरण यांच्या आधी कशी दिसत होती, याची चित्रं बहुतेक घरगुती अल्बममध्येच सापडतील. तुमच्याकडे लग्नाला जाताना किंवा सुट्टीत काढलेला, मागे फलाट दिसणारा असा एखादा फोटो असेल तर तो स्कॅन करा, साल आणि स्थानकाचं नाव लिहा आणि मॉडेल करणाऱ्या कुणाला तरी द्या.